आमी

दुखण्यानं शाळा सुटली तशी ऋतुजा घरीच मोबाईलवरच्या धड्यांतून वाचायला शिकली. मोठ्यानं म्हटलेला शब्द बरोबर असला की पडद्यावर हिरवा व्हायचा, चुकला की लाल. 'आम्ही' कायम लालच. कडावच्या त्या घरात सगळेच 'आमी' म्हणणारे. पुढं पुढं तिला दर शब्दाला धाप लागायची.

पोर गेली. तिच्या आईला, सुगंधाला, ते धडे पुसवेनात.

आज दुपारी तिनं एक उघडला आणि तोंडाला पदर लावून नुसती बघत बसली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

'आम्ही घरी आलो.'

पहिला शब्द लाल झाला.

"असू दे गं बाय," सुगंधा कशीबशी म्हणाली. "पुढं वाच."

'घरी' हिरवा झाला. मग धाप ओसरावी तेवढा वेळ गेला, आणि 'आलो'.