केसपेपर

अक्षताच्या डाव्या कानामागे टक्कल पडत चाललं होतं. पार्लरवालीने कांद्याचं तेल दिलं, मुलुंडच्या होमिओपॅथने गोळ्या दिल्या, घाटकोपरच्या हेअर क्लिनिकने महागडं सीरम दिलं. गुण कशाचाच आला नाही. सगळीकडे नवरा सोबत असायचा. प्रश्न तिला विचारला, तरी उत्तर तोच द्यायचा. "टेन्शन फार घेते हो ही."

शेवटी कुणीतरी स्किन स्पेशालिस्टचं नाव सुचवलं. मॅडमनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "केसपेपरवर वय लिहायचं राहिलंय. जरा रिसेप्शनवर लिहून आणता?"

तो गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"हे गळलेले नाहीत गं. कुणीतरी ओढून उपटलेत."

अक्षताने क्लिप लावली. ओढणी सारखी केली.

"मॅडम, तुमच्या ओळखीत कुणी चांगलं आहे? केससाठी?"

"केसांसाठी? मी आहे ना. मलम देते, येतील परत."

अक्षताने एकदा दाराकडे पाहिलं.

"केसांसाठी नाही, मॅडम. केससाठी."