नातेवाईक संपले

"अहो, नातेवाईक संपले! आता कुणाचा फोटो लावू?" सून नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

सासऱ्यांनी जन्माची पुंजी ओतून, बुजवलेल्या तळ्यावर हे घर घेतलं होतं. भिंतीला तडा गेला, की त्यांच्या जिवाला लागू नये म्हणून घरात कुणी चकार शब्द काढत नसे. मुकाट्याने त्यावर एक फोटो टांगला जाई. आज जिन्यापाशी नवा तडा दिसला, तेव्हा तिने दुकानातून फ्रेम आणली आणि तिच्यात आधीपासून हसत असलेल्या अनोळखी बाईसकट लावून टाकली.

"ही कोण गं?" सासऱ्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"माझी लांबची मावशी, बाबा."



"मग तिलाही सोबत घे, सूनबाई. आपण निघूया. घर खचतंय."