सातवी बशी

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत सातव्या बशीतल्या रोपाला एकोणतीस जणांनी रिक्सिया म्हटलं होतं. छापील उत्तरातही रिक्सियाच होतं. एका मुलीने मात्र अँथोसिरॉस लिहिलं. दोन्ही ओल्या भिंतीला चिकटून वाढणारी, ना फूल ना फळ, वरवर पाहिलं तर जुळी भावंडं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाला दोनदा डोळा लावला. मुलगी एकटीच बरोबर होती, आणि तेच तिला महागात पडणार होतं.

"ही रोपं आणली कोणी?"

"आमच्या प्रयोगशाळेच्या मावशींनी. बश्याही त्याच मांडतात," प्राध्यापक म्हणाले. मग घसा खाकरून, "ही त्यांचीच मुलगी."

मुलगी उभी राहिली. "मी स्वतः ओळखलं, सर. मधली खाच नव्हती. बोटाला बुळबुळीत लागलं."

"कारणं घरून पाठ करून येता येतात," परीक्षक म्हणाले. "तुझ्या आईला हे रोप ओळखता येत असेल, तर तुझी परीक्षा रद्द. वर्ष गेलं समज."

मावशी ओल्या हातांनी मोरीपाशी उभी होती. यंदा विहिरीमागच्या भिंतीवर रिक्सिया उगवलेलाच नाही, हे तिने परवाच प्राध्यापकांना सांगितलं होतं. "यादी छापून झालीय, त्याच्या जागी मिळेल ते मांडा," म्हणून त्यांनी हात झटकले होते. घरी तिने चकार शब्द काढला नव्हता. पण हे आता सांगायचं कसं? सांगितलं की रोप तिला ओळखता येतं हेच ठरणार. प्राध्यापक खिडकीबाहेर बघत होते. मावशीला त्यांचा भयंकर राग आला, आणि तो तिने गिळला.

तीस वर्षं या खोलीत तिचा दरारा होता. हिरवं दिसेल त्याला शेवाळ म्हणणाऱ्या पोरांना ती फाडकन सुनवायची, "शेवाळ म्हणायचं नाही. त्याला नाव आहे." अडलं की प्राध्यापकही हळूच तिलाच विचारायचे.

परीक्षकांनी पाठ वळवून काहीतरी केलं आणि दोन बश्या तिच्यापुढे सरकवल्या. "यातला रिक्सिया कोणता?"

तिला एका नजरेत कळलं. एकच रोप तोडून दोन्हीकडे ठेवलं होतं. तिने मुद्दाम वेळ काढला. ही बशी बघितली, ती बघितली, ओठ चावला. मुलीकडे चुकूनही पाहिलं नाही. मग उजव्या बशीवर बोट ठेवलं.

"हा."

"दोन्हीत अँथोसिरॉस आहे, मावशी! तीस वर्षं इथे काढलीत ना?"

"काढली खरी, साहेब. पण मला मेलं सगळं शेवाळच."

पोरं खो खो हसली. इतक्या वर्षांचं उट्टं हसून काढलं. प्राध्यापकांनी कपाळावरचा घाम पुसला. परीक्षकही हसले, आणि मुलीच्या नावापुढे पूर्ण गुण मांडून, बॅग उचलून निघून गेले.

आवराआवर सुरू झाली. एका मुलाने सातवी बशी उचलून कचऱ्याच्या बादलीवर धरली. "मावशी, हे शेवाळ टाकून देऊ?"

मावशीने मान वर केली नाही. "दे टाकून."

मुलीने बाक ओलांडून ती बशी त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

"शेवाळ म्हणायचं नाही. त्याला नाव आहे."