उघड्या छातीचं बाळ

"माझ्याएवढी रुंद छाती दोन्ही घराण्यांत कुणाची नाही!" म्हणत नव्या बाबाने शर्ट काढला. बाळ वेळेआधी जन्मलेलं, जेमतेम दीड किलोचं. वजन वाढलं नाही तर परत काचेच्या पेटीत. म्हणून नर्सबाईंनी सांगितलं होतं, आई दूध पाजून दमली की घरच्या कुणीतरी त्याला उघड्या छातीवर घेऊन ऊब द्यायची.

बाबाच्या छातीवर बाळाने टाहो फोडला. सासऱ्यांनी घेतलं, तर मिनिटात गाढ झोपलं.

"जावईबापू, काटेरी कुंपणावर कुणाला झोप लागते का?"

सासऱ्यांच्या छातीवर बाळ दिवसाला तीस-तीस ग्रॅमने वाढत होतं आणि बाबा समोर बसून जळत होता. पाचव्या दिवशी त्याने गुपचूप वस्तऱ्याने छाती साफ केली. सात ठिकाणी कापलं.

"जखमा भरेपर्यंत बाळाला छातीशी घ्यायचं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आठ दिवस."

त्या आठ दिवसांत बाळाची पेटी टळली. दवाखान्याचा फोटोवालाही येऊन गेला. आता दवाखान्याच्या दारात सासऱ्यांचा बाळासकट भलामोठा फोटो लागलाय. खाली लिहिलंय, 'आदर्श बाबा'.