आकडा घेऊ नका

अधिकाऱ्यानं स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली, तेव्हाच काठीवाल्याला धडकी भरली. मार खायची तयारी करून आला होता तो. पट्टा, थंड पाणी, तासन् तास उभं ठेवणं, सगळं मनात घोळवून झालं होतं. खुर्चीचा विचार केलेला नव्हता.

"बसा हो. असे खिडकीकडे पाठ करून बसा, डोळ्यांवर ऊन येतं. अकरा दिवस झाले, रोज फाटकाशी येऊन बसताय. म्हटलं, माणसाला आत तरी बोलवावं."

"दादा कसे आहेत?"

"ठणठणीत. फक्त हट्टी."

दादा म्हणजे मोजणीदार. धरणाच्या नव्या भिंतीची उंची ते दर महिन्याला दुर्बिणीतून मोजायचे, आणि आकडे रंगवलेली उंच काठी भिंतीवर सरळ उभी धरायचं काम याचं. बावीस वर्षांची जोडी. या खेपेला भिंत चार बोटं खचलेली निघाली. भिंतीखाली वस्ती होती. वरून निरोप आला, भिंत जागच्या जागी आहे असं लिहून सही करा. मोजणीदारांनी केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना चौकशीच्या नावाखाली उचललं.

"मी तुम्हाला एक अक्षर विचारणार नाही," अधिकारी म्हणाला आणि त्यानं चहाचा कप पुढे सरकवला. "घ्या. विष नाही त्यात."

नको म्हणावं तर दादांना भेटू देणार नाहीत. काठीवाल्यानं कप उचलला.

"तुमचं काम मीही केलंय बरं का," अधिकारी टेबलाला वळसा घालून त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला. "पहिली नोकरी. पहिल्याच दिवशी काठी धरली ती उलटी! संध्याकाळी कागदावर बघतात तो काय, टेकडीच्या जागी विहीर."

काठीवाल्याला हसू फुटलं. नको नको म्हणताना फुटलं. उलटी काठी त्यानंही धरली होती एकदा, आणि दादा पोट धरधरून हसले होते. अधिकारीही मोठ्यानं हसला आणि त्यानं काठीवाल्याच्या खांद्यावर हात टाकला.

"आता जरा मागे बघा."

अंगणापलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, गजांमागे मोजणीदार उभे होते. दाढी वाढलेली, सदरा गळ्यापाशी सैल पडलेला. दोन्ही बाजूंना एकेक शिपाई. म्हणजे त्यांना हे सगळं बघायलाच आणलं होतं. कधीपासून, कोण जाणे.



"ज्यानं बावीस वर्षं काठी सरळ धरली तोच फिरला म्हटल्यावर," अधिकारी हलक्या आवाजात म्हणाला, "माणूस कुणाच्या भरवशावर अडून बसणार?"

काठीवाल्यानं कप भिंतीवर आपटला. अधिकाऱ्यानं मान मागे घेतली, पण खांद्यावरचा हात काढला नाही.

"फोडा. त्यांना वाटेल, सौदा जमत नाहीये. रडलात तर वाटेल, पस्तावलाय. उठून गेलात तर वाटेल, काम आटोपलं. काय करायचं ते करा. मी अडवत नाही."

काठीवाला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. अधिकाऱ्याचा हात खांद्यावर तसाच होता. ओरडून उपयोग नव्हता, मधे एवढं मोठं अंगण होतं. पण रानात याहून लांबून बोलायचे दोघं. त्यानं उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ केला आणि हळूहळू एका बाजूला कलता केला. वाऱ्यानं काठी झुकली की तो ही खूण करायचा. काठी सरळ नाही. आकडा घेऊ नका.

मोजणीदार बघत राहिले. दुर्बिणीला डोळा लावल्यावर बघायचे तसे, एक डोळा बारीक करून. मग त्यांनी मान हलवली. समजलं.

काठीवाल्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. दादांनी ओळखलं! दादांना कोण फसवणार? तो वळून अधिकाऱ्याकडे बघणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की दादांची नजर आता त्याच्या चेहऱ्यावर नाही. ती त्याच्या खांद्यावर होती. तिथल्या अधिकाऱ्याच्या हातावर.

बराच वेळ ते त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटं एकमेकांवर ठेवली.

काम संपलं. सामान आवर.

"काय म्हणाले?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"काही नाही."

पलीकडे एक शिपाई खिडकीतून बाजूला झाला. थोड्या वेळानं टेबलावरचा फोन वाजला. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं, खाली ठेवला आणि क्षणभर काठीवाल्याकडे जरा नवलानंच बघितलं.

"कागद मागतायत. म्हणतात, आधी तुम्हाला फाटकाबाहेर सोडा, मग सही." त्यानं खिशातून रुमाल काढून बाहीवर उडालेला चहा टिपला. "मला वाटलं होतं, तुमच्यावर चिडून करतील. असो. जा आता घरी."

काठीवाला जागचा हलला नाही. काम संपल्याची खूण दिसली की त्यानं हात उंच करायचा, आणि तो उंच होईपर्यंत दादांनी आपले हात खाली घ्यायचे नाहीत, असा दोघांचा रिवाज होता. बावीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

त्यानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. दादांचे हात वर असेतो सही होणार नव्हती.

समोर गजांमागे मोजणीदारांचे हात वरच होते. आता ते थरथरायला लागले होते.