त्याच पुड्याचं सांग

"असू शकतो म्हणजे काय? आहे की नाही?"

गुरुवारी सकाळी अकराला फोन वाजला म्हणजे अलकाकाकूच, हे शुभंकरला आता पाठ झालं होतं. बेंगळुरूजवळ देवनहळ्ळीच्या पुढे नाचणीची बिस्किटं करणारा एक कारखाना आहे. तिथे माल तपासणं हे त्याचं काम, आणि ग्राहकांचे फोन घेणं हे गळ्यात पडलेलं काम. पहिल्याच फोनला त्याचं नाव ऐकून काकू हिंदीवरून थेट मराठीवर आल्या होत्या आणि दुसऱ्या मिनिटाला त्याचा 'बाळ' करून मोकळ्या झाल्या होत्या.

"काकू, ती सावधगिरीची सूचना असते. शेंगदाण्याचा अंश असू शकतो, म्हणजे... असूही शकतो."

"आणि नसूही शकतो. एवढं मला पुड्यावरही वाचता येतं. हल्ली सगळ्याच पुड्यांवर ती ओळ. मग पोराने खायचं तरी काय? आमच्या राजसला शेंगदाण्याचं वावडं. साधंसुधं नाही, घसा सुजतो. सहा वर्षांचं पोर, आणि तुमची बिस्किटं म्हणजे त्याचा जीव की प्राण. मला तुझ्या कंपनीचं उत्तर नको. तू स्वतः बघून सांग."

मग नेहमीसारखा त्यांनी बॅच नंबर वाचून दाखवला. मार्चमधला.

"त्याच पुड्याचं सांग. बाकीच्यांशी मला कर्तव्य नाही."

"काकू, जुलै चाललाय. तो पुडा संपला नाही अजून?"

"अर्धा आहे. डब्यात नीट ठेवलाय."

चार महिन्यांची मऊ पडलेली बिस्किटं जपून ठेवणाऱ्या या आजीबाईंची शुभंकरला गंमत वाटली. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. दोन वर्षं तो ती ओळ रोज बघत होता. ती खरी की उगीच, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पुण्यात आईला मात्र तो ऐटीत सांगायचा की आम्ही कण न् कण तपासतो.

त्याने नागनाथअण्णांना गाठलं. अण्णा कारखान्याचे जुने व्यवस्थापक. चार पिढ्या बेंगळुरूत काढलेलं मराठी घर, त्यामुळे मराठीही कानडीत भिजलेली.

"ती ओळ? वकिलानं घाल म्हटलं, घातली," अण्णा म्हणाले. "सगळे घालतात, आपण पण घातलं. स्वल्प सेफ्टी. अष्टे, एवढंच."

"पण शेंगदाणा आत येतो का कधी?"

"अठरा वर्षांत मी बघितला नाही. तुला बघायचं तर बघ की. सरी?"

शुभंकरने मनावरच घेतलं. कच्च्या मालाच्या सगळ्या नोंदी चाळल्या. ज्या गिरणीतून नाचणीचं पीठ येतं तिथे एक अख्खा शनिवार नाकातोंडात पीठ घेत बसला. तिथे नाचणीखेरीज काहीच दळलं जात नव्हतं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शेंगदाण्याची चटणी होते हे कळलं तेव्हा मात्र तो तिथून कारखान्याच्या दारापर्यंतची वाट चालून आला. पण कॅन्टीन आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. शिवाय हात धुऊन, कपडे बदलल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही, हे त्याने तीन दिवस दाराशी उभं राहून पाहिलं. कामावरच्या बायका त्याला हसल्या. हसू देत, असं म्हणून तो उभाच राहिला.

प्रत्येक बॅचमधला एक पुडा वर्षभर कपाटात राखून ठेवायची पद्धत होती. काकूंच्या बॅचचा पुडा त्याने अण्णांची सही घेऊन प्रयोगशाळेत पाठवला.

"काही कळलं का?" पुढच्या गुरुवारी काकूंनी विचारलं.

"तपासायला दिलंय. इतकी घाई आहे का काकू?"

"घाई नाही रे. झोप लागत नाही."

नातवासाठी एवढा जीव टाकणारी आजी त्याने पाहिली नव्हती. अहवाल आला: अंश आढळला नाही. काकू उलटतपासणी घेणार हे ओळखून त्याने पुन्हा एकदा तपासायला लावलं. तेच उत्तर. शुभंकरला इतका आनंद झाला की फोनवर सांगणं त्याच्या जिवावर आलं. पोराचा चेहरा त्याला डोळ्यांनी बघायचा होता. घरी येऊ का विचारलं, तर काकू लगेच "ये" म्हणाल्या.

रविवारी बारा पुड्यांचा खोका काखेत मारून तो बसने हेब्बाळला उतरला. दार उमाकांतरावांनी उघडलं. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले काकूंचे यजमान, मोजकं बोलणारे. काकू फोनवरच्या आवाजापेक्षा बऱ्याच लहानखुऱ्या होत्या. त्यांनी पाणी आणलं आणि समोर बसल्या.

शुभंकरने दोन्ही कागद टेबलावर पसरले.

"काकू, एक कणसुद्धा नाही. ना तुमच्या पुड्यात, ना आमच्या कारखान्यात. ती ओळ नुसती वकिलाची. आमची बिस्किटं राजसला बिनघोर द्या."

काकूंनी चष्मा लावून वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"मशीन चुकू शकतं ना, बाळ?"

"दोनदा केलंय. शंकाच नको." आनंदाने त्यांचा विश्वास बसत नसणार, असं त्याला वाटलं. त्याने हसत खोका पुढे सरकवला. "कुठाय आमचं गिऱ्हाईक? त्याच्याच हाताने उघडू दे."

उमाकांतराव उठून काकूंच्या शेजारी येऊन बसले. "अलका, पुरे आता," ते म्हणाले.

"राजस देवाघरी गेला त्या दुपारी त्याने इथे दोनच गोष्टी खाल्ल्या होत्या," काकू कागदाची घडी घालत म्हणाल्या. "तुमचं बिस्किट, आणि माझ्या हातचा रव्याचा लाडू. दाण्याचं कूट केलेलं मिक्सरचं भांडं मी धुतलं नव्हतं रे, नुसतं फडक्याने पुसून घेतलं होतं, पिठीसाखर ओली होऊ नये म्हणून."