उष्टा मोगरा

कुमुदिनीताईंनी लवंगेची बरणी नाकाशी धरली. काही नाही. लिंबाची साल हुंगली. काही नाही. मग पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावणाची डबी उघडली आणि अशी सणसणीत शिंक दिली की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"शिंक आली, वास नाही," त्या चिडून म्हणाल्या. "हिवाळ्यातल्या त्या तापापासून हेच चाललंय. बस हो गया आता. उद्यापासून हे रोजचं बरण्या हुंगणं बंद."

"ए आई, असं नको ना करू यार!" पोहे खाता खाता तन्वी म्हणाली. त्यांची ही मुलगी डॉक्टरकी शिकत होती. "नाकात अगदी वर बारीक धागे असतात, थेट मेंदूत जाणारे. तापानं ते गेले. पण ते परत उगवतात आई, सच्ची! हाडाच्या भोकांतून वर चढतात आणि आपापली जागा शोधतात."

"अंधारात? जागा कोण दाखवतं गं त्यांना?"

"ते अजून पूर्ण कुणालाच कळलेलं नाही."

"उगवले की सांग हो मला," म्हणत कुमुदिनीताई परडी घेऊन गच्चीवर गेल्या.

देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही, घेतला की ते फूल उष्टं. त्यांच्या यजमानांचा, देवदत्तरावांचा, हा नियम असा कडक, की या घरात आल्यापासून त्या श्वास रोखूनच मोगरा तोडत. आता श्वास रोखायचीही गरज उरली नव्हती. याचंच त्यांना सगळ्यात वाईट वाटे.

त्यांनी एक फूल खुडलं, दुसरं खुडलं, आणि हात थांबला. काहीतरी आलं. आलं नि गेलं. त्यांनी भीत भीत परडी जवळ घेतली. अगंबाई! थोडा करपट होता, अर्धामुर्धा होता, पण मोगराच होता तो! कुठलातरी एक धागा चाचपडत चाचपडत घरी पोचला होता. त्यांनी परडीत तोंडच खुपसलं. श्वास घेताना त्यांना रडू येत होतं, आणि रडताना नाक चोंदेल म्हणून भीतीही वाटत होती.

"कुमुद, फुलं आण गं! देव खोळंबलेत," खालून देवदत्तरावांनी हाक मारली.

त्या देवघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "ही चालायची नाहीत."

"का? काय झालं?"

"उष्टी झालीत. मी वास घेतला."

"अगं, इतकी वर्षं सांगतोय, तरी तू आज..." देवदत्तराव कडाडले. मग सहाणेवर गंध उगाळणारा त्यांचा हात थांबला. आतून तन्वी धावत आली.

देवदत्तरावांनी परडीतलं एक फूल उचललं. ते देवाकडे न नेता कुमुदिनीताईंच्या नाकापाशी धरलं.

"अजून एकदा घे," ते म्हणाले. "मग वाहतो."